उतारावर स्केटिंग शिकवणारी सकाळची बॅच (नागपूर, सेमिनरी हिल्सकडे) : माझा अनुभव, वय ४१

सगळ्यात आधी सांगते, मला स्केटिंगमध्ये मेडल बिडल काही आणायचं नाहीये. पोट्टी ११ वर्षांची, तीन वर्षांपासून स्केटिंगला जाते, सोडायला मी, आणायला मी, आणि मधला दीड तास रिंकच्या कठड्यावर बसून मोबाइल पाहण्यात जायचा. तर मागच्या दिवाळीत बोनस आला तेव्हा मी पण इनलाइन स्केट (सगळी चाकं एका रांगेत असतात ते) घेऊन टाकले. आमचे हे म्हणाले, यापेक्षा वॉशिंग मशीन बदललं असतं. हव, बरोबर होतं त्यांचं, पण घेतले.

रिव्ह्यू क्लासचाच आहे, पण तिथपर्यंत मी कशी पोचली ते सांगितल्याशिवाय क्लास का आवडला ते समजणार नाही.

स्केट घेतले शहरातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून. नाव नाही लिहीत, पोट्टीचं सामान अजून तिथूनच येतं. डब्यातून काढले तेव्हा उजव्या बुटाच्या मागे काळ्या रबराचा एक ठोकळा होता. दुकानातल्या पोराने अ‍ॅलन की घेतली, दोन मिनिटांत तो ठोकळा काढून बाजूला टाकला आणि म्हणाला, "ताई, हे कोणी ठेवत नाही, क्रॉसओव्हर मारताना अडकते." मला तेव्हा क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, मारायचं तर दूरच. चाकातल्या बेअरिंगवर एबेक ९ लिहिलंय म्हणून पाचशे जास्त घेतले ते वेगळं. नंतर समजलं की एबेक म्हणजे बेअरिंग किती बारकाईने बनवलंय त्याचं माप, माझ्यासारखीला त्याने काडीचा फरक पडत नाही.

मग दोन-अडीच महिने आमच्या लेआउटच्या बगिच्यातल्या बास्केटबॉल कोर्टवर प्रॅक्टिस. सपाट, गुळगुळीत, आणि थांबायचं असलं की खांब पकडायचा. मला वाटलं आलं आपल्याला.

नागपूर तसं सपाट गाव. टेकडी म्हटलं की आम्हाला टेकडी गणपती आठवतो, उतार नाही आठवत. पण उतार कुठेही निघतो, नाल्याच्या पुलाला असतो, फ्लायओव्हरला असतो आणि आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगलाही आहे. जानेवारीत एका संध्याकाळी त्या रॅम्पच्या तोंडाशी उभी होती, पोट्टीशी बोलून राहिली होती, आणि बोलता बोलता चाकं हळूच पुढे सरकली. एवढंच. ढकललं नाही की काही नाही. पहिले दोन सेकंद मजा वाटली, तिसऱ्या सेकंदाला समजलं की इथे खांब नाही, आणि चौथ्या सेकंदाला दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंची अ‍ॅक्टिव्हा. मी, अ‍ॅक्टिव्हा आणि तिच्या बाजूची पोराची सायकल, तिघी आडव्या. रिस्ट गार्ड (मनगटाला बांधायचे) बॅगेत होते, बॅग वर गेटजवळ होती. पडताना हात आपोआप पुढे जातो, कोणाचाही जातो, म्हणून स्केटिंगमध्ये सगळ्यात जास्त मनगटंच मोडतात. माझं मोडलं नाही, सुजलं फक्त, तीन आठवडे क्रेप बँडेज आणि पोळ्या ह्यांनी लाटल्या. (नकाशे होते सगळे, पण लाटल्या.)

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो भेटायला आला तर सहानुभूती राहिली बाजूला, गणित करायला बसला. म्हणे मावशी, रॅम्प अडीच मीटर खाली उतरत असेल तर घर्षण सोडून दे, खाली पोचेपर्यंत ताशी २५ किलोमीटर स्पीड होते, आणि यात वजनाचा काही संबंध नाही बरं का. हे शेवटचं ऐकून जरा बरं वाटलं. पण त्याने अजून एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली, उतार लांब आहे की आखूड याच्यावर नाही, किती उंचीवरून खाली आलीस याच्यावर वेग ठरतो, आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं. म्हणजे "थोडंसंच वरून येते" असं जे आपण म्हणतो ना, ते थोडंसं नसतं.

तर मग हा क्लास. रिंकवरच्याच एका आईने सांगितलं की सेमिनरी हिल्सकडे एक सर शनिवार-रविवार सकाळी उतारावर शिकवतात, मोठ्यांनाही घेतात. ८ सेशन, २८०० रुपये, सकाळी सव्वासहा ते पावणेआठ. सरांनी नाव-नंबर टाकू नका म्हणून सांगितलंय, बॅच आधीच फुल असते, म्हणून टाकत नाही. ज्यांना हवंय ते शोधतीलच.

पहिल्या दिवशी मी गेली, बूट घातले, सर खाली वाकले, माझ्या उजव्या बुटाच्या मागे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, गाडी घेतली आणि ब्रेक शोरूममध्येच सोडून आल्या काय?"

तो रबराचा ठोकळा म्हणजे ब्रेक होता. बाप्पा.

दुकानात फोन केला तर म्हणे ते तर तेव्हाच कचऱ्यात गेलं. सरांकडे जुन्या ब्रेकचा एक डबाच आहे, चिवड्याचा रिकामा डबा, त्यात दहा-बारा ब्रेक, पण प्रत्येक कंपनीचा वेगळा, तिसरा लागला. आणि नुसता ब्रेक लागून होत नाही, तो मागच्या चाकाच्या एक्सलवर बसतो, म्हणून तिथला एक्सलही लांब लागतो, तोही त्यांनीच कुठून तरी काढून दिला. पैसे नाही घेतले. इथेच मी अर्धी खूश होऊन गेली.

पहिलं सेशन नुसतं पडायचं. खरंच सांगते. आधी गवतावर, मग रस्त्यावर. गुडघे वाकवून खाली जायचं, नी पॅडवर घसरायचं, मग कोपराचे पॅड, सगळ्यात शेवटी रिस्ट गार्डचं प्लास्टिक, बोटं वर उचललेली. मागे पडायचं नाही, मागे जातोय वाटलं तर खाली बसायचं आणि हात पुढे आणायचे. मी वीसेक वेळा पडली असेल. वॉकला आलेले एक आजोबा थांबून पाहून राहिले होते, शेवटी न राहवून म्हणाले, "बेटा, पैसे देऊन पडून राहिली का?" हव काका, फी भरून.

दुसरं सेशन सपाटीवर, फक्त ब्रेक. सर रस्त्यावर चुन्याची एक रेघ मारतात. रेघेपर्यंत वेग घ्यायचा आणि रेघेवर ब्रेक सुरू करायचा, मग रेघेपासून किती पावलांवर थांबलो ते सर स्वतः चालून मोजतात आणि वहीत लिहितात. माझी पहिली १४ पावलं. ब्रेक असा लावतात: उजवा पाय एक बूटभर पुढे काढायचा, दोन्ही गुडघे वाकलेले, मग उजव्या पायाची बोटं वर उचलायची म्हणजे टाचेमागचं रबर जमिनीला टेकतं, आणि मग खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. सुरुवातीला बहुतेक वजन डाव्या पायावरच, टाचेवर हळूहळू वाढवत न्यायचं. मी काय करत होती, रबर टेकलं की घाबरून सरळ उभी व्हायची, आणि सरळ उभं झालं की ब्रेक नुसता खरखर वाजतो, थांबवत नाही. तीन-चार वेळा सांगून समजलं नाही तर सर म्हणाले, "पाट्यावर चटणी वाटता तेव्हा वजन कुठून देता? खांद्यातून का कमरेतून?" कमरेतून. त्या एका वाक्यात १४ ची ९ झाली आणि दिवस संपेपर्यंत ५. वही आहे, साक्षीला.

पोट्टी माझ्यासोबत यायची, तिचे चार चाकी क्वाड स्केट, त्याला पुढे बोटांजवळ स्टॉपर. तिने सरांना ऐकवलंच, सर, रेसवाल्यांच्या इनलाइनला तर ब्रेक नसतोच, आमच्या रिंकवरच्या दादांच्या पण नाही. खरं आहे तिचं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या पोरांनी आणि पोरींनी ३००० मीटर रिलेत दोन ब्राँझ आणले, त्या स्पीड स्केटला मागे ठोकळा नसतो. सर म्हणाले, "ते ट्रॅकवर पळतात बेटा, ट्रॅकवर दूधवाला येतो का?" आणि ब्रेक नसलेल्या लोकांना टी-स्टॉप, प्लाऊ वगैरे पाच प्रकारे थांबता येतं, तुझ्या आईला अजून एकही येत नाही. मला जरा लागलं, पण मुद्दा बरोबर होता. तो दुकानातला पोरगा पण मूर्ख नव्हता, त्याने रेसवाली पोरंच पाहिली होती आजवर, त्याला वाटलं ही बाई पण तशीच.

ह्यावरून मी घरी येऊन वाचत बसली तर मजाच सापडली. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन म्हणून एक कारागीर होता, मूळचा आताच्या बेल्जियममधला, तो चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत एका पार्टीत शिरला आणि थांबता येईना म्हणून सरळ मोठ्या आरशावर जाऊन आदळला असं सांगतात. आरसा गेला, व्हायोलिन गेलं, त्याला स्वतःला पण बऱ्यापैकी लागलं. म्हणजे आमच्या अ‍ॅक्टिव्हाला जुनी परंपरा आहे.

आता उतार. सरांनी जागा भारी निवडलीय, हे मला शेवटी शेवटी समजलं. कॉलनीच्या आतला रस्ता, रहदारी जवळपास नाही, एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला लांबच लांब गवत, आणि मुख्य म्हणजे उतार संपला की रस्ता थोडा सपाट होऊन परत किंचित चढतो. म्हणजे काहीच जमलं नाही तरी तुम्ही शेवटी आपोआप थांबता. चौकात संपणारा उतार कितीही सोपा दिसला तरी सर तिथे उभं पण राहू देत नाहीत.

उताराच्या कडेला विजेचे सहा खांब आहेत, तीच परीक्षा. सुरुवात वरून नाही करायची, खालून करायची. पहिल्या खांबापर्यंत चढायचं, बदकासारखं, टाचा आत आणि बोटं बाहेर, नाही तर आडवं उभं राहून एकेक पाऊल (पोटऱ्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना हात धरून उतरली), मग वळायचं आणि उतरताना मध्येच थांबून दाखवायचं. तीनदा नीट थांबलात तर दुसरा खांब. दोनदा थांबून तिसऱ्यांदा जरा पुढे गेलात की परत पहिल्यापासून मोजणी. मी दुसऱ्या खांबावर दीड सेशन अडकली होती. माझ्यासोबत एक कॉलेजचा पोट्टा होता, तो पहिल्याच दिवशी सर तिकडे वळले तर थेट चौथ्या खांबावर जाऊन उभा, त्याला सरांनी हाताला धरून चालवत खाली आणलं, बूट काढायला लावले आणि त्या दिवशी घरी.

एक चूक सगळे करतात, मी पण केली. वेग आला की मग ब्रेक लावू असं वाटतं. उतारावर तसं नाही. ब्रेक पहिल्यापासून थोडासा टेकवूनच ठेवायचा, खरखर आवाज चालू राहिला पाहिजे, मग वाढवायचा. एकदा वेग हातातून गेला की मग नवशिक्याचा ब्रेक त्याला परत आणत नाही, मग गवत.

पण माझ्यासाठी पूर्ण २८०० रुपये वसूल झाले ते पाचव्या सेशनला. त्या दिवशी ब्रेक नाही, वळणं. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपं जायचं, कडेजवळ वळायचं आणि वळण अर्धवट नाही सोडायचं, तोंड थोडं चढाकडे होईपर्यंत वळत राहायचं. मग काय होतं माहितेय, वेग आपोआप मरतो. ब्रेक नाही, काही नाही, नुसतं वळत राहिलं की चाकं दमल्यासारखी होतात आणि तुम्ही उभे. मग परत दुसऱ्या कडेला. मी तिसऱ्या खांबापासून अशी खाली आली, आठ-नऊ वळणं घेत, एकदाही टाच न टेकवता, आणि खाली आल्यावर मला माझेच पाय दुसऱ्या कोणाचे वाटून राहिले होते. नजर पायाकडे गेली की वळण तुटतं, हे सर शंभर वेळा सांगतात. मी भिंतीवरच्या पानाच्या पिचकारीकडे पाहून वळायची, एक डावीकडची आणि त्याच्या पुढे एक चुन्याचा डाग. घाण आहे पण काम झालं.

रस्त्याबद्दल एक. वरचा अर्धा भाग सिमेंटचा आहे आणि खालचा डांबराचा. नागपूरभर सिमेंट रोड झालेत, गाडीला चांगले असतील, पण त्यावर त्या बारीक आडव्या रेषा मारलेल्या असतात ना घसरू नये म्हणून, त्याने तळपायापासून दातांपर्यंत झिणझिण्या येतात, आणि स्लॅबच्या जोडात चाक अडकेल अशी धाकधूक. पाय थोडे मागे-पुढे ठेवले तर जोड पार होतो. माझी चाकं ७६ मिलिमीटरची, पोट्टीच्या रिंकवर ज्यांची ९०-१०० ची आहेत त्यांना हे कमी जाणवतं, पण उतारावर शिकायला छोटीच बरी, बूट जमिनीच्या जवळ राहतो आणि वेग पण जरा आटोक्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव असतं, ओल्या रस्त्यावर ही चाकं साबणासारखी सरकतात, म्हणून सर आधी हात लावून पाहतात आणि ओलं असलं तर अर्धा तास नुसता व्यायाम घेतात. आपण थंडीत कुडकुडत, उठाबशा. वळणाच्या आतल्या बाजूला वाहून आलेली रेती असते, ती झाडायला झाडू सर स्वतः आणतात.

सहाव्या सेशनला खरी परीक्षा झाली. मी चौथ्या खांबावरून निघाली, ब्रेकची खरखर व्यवस्थित चालू, आणि गवतातून एक कुत्रं आलं भुंकत. चावणारं नव्हतं, पण मला कुठे माहीत. मी घाबरून सरळ उभी राहिली, ब्रेक सुटला, वेग वाढला, आणि डोक्यात फक्त अ‍ॅक्टिव्हा. मागून सरांचा आवाज आला, "गवत! गवत!" तर गुडघे वाकवले आणि गवतात वळली, आत शिरताच पळायला लागायचं असतं, बूट चालत नाहीत तिथे, पाच-सहा धावती पावलं टाकली आणि मग बसली धप्पकन. मोज्यात कुसळं, ट्रॅक पँटला चिखल, बाकी एक ओरखडा नाही. कुत्रं पण दूर उभं राहून माझ्याकडे पाहून राहिलं होतं की ही अशी काहून आली. गवतात जायची प्रॅक्टिस आमच्याकडून तिसऱ्याच सेशनला दहा वेळा करून घेतली होती, तेव्हा मला वाटलं होतं टाइमपास करून राहिले.

आता तक्रारी, कारण आहेत.

भाड्याचे हेल्मेट. बाप्पा रे, तो वास. ते कोणी कधी धुतलेत असं वाटत नाही. स्वतःचं न्या किंवा आत रुमाल बांधा. सेशनमागे १०० रुपये भाडं घेता तर ४० रुपयाचं लिक्विड आणा की.

दुसरं, बॅच आठची सांगितली होती, शेवटच्या दोन सेशनला आम्ही १४ होतो. सर एकटे पडले म्हणून एक असिस्टंट पोरगा आणला, चांगला स्केटर आहे तो, शिकवणं मात्र नाही. त्याने चिल्लर पोट्ट्यांना उतारावरच टी-स्टॉप शिकवायला घेतला, म्हणजे एक पाय मागे आडवा घासत नेणं. सपाटीवर हळू वेगात ठीक आहे, उतारावर एका पायावर तोल ठेवून दुसरा घासत राहायचं म्हणजे नवशिक्या पोराची गिरकी ठरलेली, आणि चाकं एका बाजूने खाल्ली जातात ते वेगळं. एका पोराची झालीच गिरकी. सरांनी पाहिलं आणि थांबवलं, पण पाहायला उशीर झाला. मी सरांना तोंडावर बोलली हे, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला संख्या कमी करतो म्हणाले. बघू.

तिसरं, बायकांसाठी बाथरूमची काहीच सोय नाही, घरून जाऊन निघायचं. आणि कोणी बाई कोच नाही, हात धरून वळवायचं काम असतं तेव्हा काही जणींना अवघडल्यासारखं होतं, सर विचारूनच हात धरतात, तरी.

खर्चाचं सांगते. ब्रेकचं रबर आठ सेशनमध्ये निम्म्याहून जास्त घासलं, त्यावर एक खूण असते तिथपर्यंत आलं की बदलायचं, नाही तर आतला स्क्रू रस्त्याला लागतो. चाकं आतल्या बाजूने झिजतात, म्हणून पहिलं-तिसरं आणि दुसरं-चौथं अदलाबदल, शिवाय उजव्या बुटाची डाव्याला, बाजू पलटवून. हे सरांनी सगळ्यांना बसवून एकदा करून घेतलं, अ‍ॅलन की हातात देऊन. दुकानात हेच करायला माझ्याकडून दोनशे घेतले होते आणि चाकं पलटवली पण नव्हती.

मी पाचव्या खांबापर्यंत पोचली. सहावा राहिला. सर म्हणाले अजून दोन सेशन या, पैसे नको, पण मार्च लागला आणि सात वाजताच ऊन चटका द्यायला लागलं, एप्रिल-मेमध्ये ते बॅच घेतच नाहीत आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. दिवाळीनंतर परत सुरू करतात, जागा ऑक्टोबरमध्येच भरते, तेव्हा लवकर विचारा. ज्यांना सपाटीवर दहा मिनिटं न पडता चालता येतं त्यांनीच जावं, एकदम नवीन माणसाला इथे घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. सेशन झाल्यावर खाली चौकात तर्री पोह्याचा ठेला लागतो, आठ वाजेपर्यंत गेलात तर तर्री वरची मिळते, नंतर नुसतं पाणी.

पाचपैकी चार स्टार. एक हेल्मेटचा कापला.